चार मित्र परदेशात पॅराग्लायडिंगला जातोय, एक जण घाबरतो, त्याला तयार कसं करावं?

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही चार मित्र, देशाबाहेर पहिल्यांदाच जाणार, पॅराग्लायडिंग करायचंय, खिसा बेताचा आहे, आणि चौघातला एक जण उंचीला भितो तर त्याला तयार कसं करावं असं विचारून राहिले. कुठं जावं, कसं जावं, किती लागतात ते सगळं सांगतो, पण पहिले त्या मित्राचं सांगतो कारण तिथंच आम्ही चुकलो आणि ती गोष्ट मला अजून लागून आहे. त्याला तयार करू नका. सोबत न्या, डोंगरावर पण न्या, पण उडायचं की नाही ते त्याच्यावर सोडा, आणि हे घरून निघायच्या आधीच चौघात बोलून घ्या.

आम्ही पण चौघंच. आर्वीकडचं गाव आमचं, वर्धा जिल्हा. मी थोडी शेती पाहतो आणि गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, एक जण जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, एकाचं कृषी केंद्र, आणि चौथा भाड्याने बोलेरो चालवतो. उंचीला भिणारा तो हाच. रात्री दोन वाजता बाळंतीण घेऊन नाल्याच्या पाण्यातून गाडी काढलेला माणूस आहे हा, त्याला भित्रा कोणी म्हणू शकत नाही, पण विहिरीच्या काठावर उभं राहिलं की त्याचे पाय थरथरतात, लहानपणापासून. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि तरी आम्ही ते धरलंच नाही.

पैशाचं म्हणाल तर आम्ही भिशी लावली होती, महिन्याला माणशी हजार, अठरा महिने. म्हणजे माणशी अठरा हजार जमले आणि तेवढ्यातच सगळं बसवलं, रेल्वेचं स्लीपर, बस, साधं हॉटेल, खाणं आणि उड्डाण. पीककर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं आणि ते आम्ही पाळलं. तुम्हीही पाळा, कारण सोयाबीनचा भाव कधी बसेल सांगता येत नाही आणि फिरायचं कर्ज डोक्यावर घेऊन माणूस तिथं मोकळा होत नाही.

जागा कोणती, तर माझ्या मते पहिल्या वेळेस नेपाळचं पोखरा. तुर्कस्तानात ओलुडेनिझ म्हणून जागा आहे, तिथं बाबादाग डोंगरावरून उडून खाली समुद्राच्या काठावर उतरतात, १,९०० मीटरच्या वर उंची, व्हिडिओ पाहिले की जीव वेडा होतो, स्वित्झर्लंडचं इंटरलाकेन पण आहे, पण व्हिसा, विमान, तिथलं राहणं, आपल्या भिशीत ते बसत नाही. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दोन्हीपैकी एक पाहिजे. आधारवर राहू नका, विमानाने जायचं असेल तर मोठ्या माणसाला आधार चालतच नाही (पंधराच्या आतल्या पोरांना आणि पासष्टच्या वरच्या लोकांनाच ती सूट आहे). माझं कामच कागदपत्रांचं म्हणून सांगतो, कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख आत्ताच तपासून घ्या. आमच्या मास्तरच्या मतदार कार्डावर वडिलांचं नावच चुकलेलं होतं, मग त्याने नागपूरला जाऊन पासपोर्ट काढला, पोलीस व्हेरिफिकेशन धरून त्यात बराच वेळ गेला.

वेळ आम्ही नोव्हेंबरचा शेवट धरला. सोयाबीन विकून झालं, हरभरा पेरून झाला, कापसाची पहिली वेचणी आटोपली, आणि तिकडं पोखऱ्यात पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच सगळ्यात चांगला हंगाम, पाऊस संपलेला, आभाळ स्वच्छ, डोंगर दिसतात. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात जाऊ नका.

निघताना घरी जे व्हायचं ते झालंच. माझी माय म्हणे, "तुले घरी काय कमी आहे, आभाळात कायले जातं?" बाबा काही बोलले नाहीत, फक्त परत कधी येणार ते दोनदा विचारलं. मायने दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली. घरच्यांपासून लपवून जाऊ नका हे माझं कळकळीचं सांगणं आहे. माहितीचा एखादा साधा व्हिडिओ दाखवा, कोणासोबत उडणार, सीट कशी असते, पट्टे कुठं असतात. मायने तो पाहिला आणि "सोबत मानूस असते का मंग" एवढंच म्हणाली, पण त्यानंतर रात्री झोपली तरी.

रस्ता असा. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेसने गोरखपूर, गोरखपूरहून बस किंवा जीपने सोनौली, ते नव्वद-शंभर किलोमीटर आहे. सोनौलीला कमान ओलांडून पायी पलीकडं गेलं की नेपाळ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा, तिथली वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढं आहे, आमची बस याच भानगडीत सुटता सुटता राहिली. आपल्या बोलेरोवाल्याचं मत होतं की गाडीच घेऊन जाऊ, पण भारतीय गाडीला तिथं भन्सार म्हणजे जकातीचा कागद दिवसाच्या हिशोबाने काढा लागते, आणि आर्वीपासून सीमेपर्यंतच हजाराच्या वर किलोमीटर, म्हणून तो विचार सोडला. पलीकडं भैरहवा, तिथून बुटवल, तानसेन करत पोखरा, साधारण १८० किलोमीटर पण घाटाचा रस्ता, आमचा अख्खा दिवस गेला. खिडकीतून खाली पाहून आपला बोलेरोवाला म्हणाला, "हा रस्ता मी चालवू शकतो, पण शेजारी बसून पाहू शकत नाही." तिथंच आम्हाला कळायला पाहिजे होतं.

पैसे सोपे आहेत, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा भाव ठरलेलाच आहे. आम्ही शंभरच्याच नोटा नेल्या होत्या, मोठ्या नोटा घ्यायला लोक कचरतात. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय पण चालते. हिंदी सगळ्यांना समजते.

आता उडायचं. पोखऱ्याला फेवा ताल म्हणून मोठं तळं आहे आणि त्याच्या वर सारंगकोटचा डोंगर. उड्डाणाची जागा साधारण दीड हजार मीटरवर, तळं साडेसातशे-आठशेच्या आसपास, म्हणजे मधे सातशे मीटरचा उतार झाला. डोक्यावरच्या कापडी पंखाला मोटर नसते, तो सेकंदाला मीटरभर खालीच येत असतो, म्हणजे हिशोबाने बारा मिनिटांत तुम्ही जमिनीवर. तरी लोक वीस-तीस मिनिटं उडतात ते गरम हवेच्या जोरावर. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात नांगरलेल्या वावरात वावटळ उठते ना, तीच हवा. ऊन जमीन तापवते, जमीन हवा तापवते, ती हलकी होऊन वर चढते. घार पंख न हलवता वर वर जाताना आपण रोज पाहतो ती त्याच हवेत गोल फिरत असते. आपल्यासोबत उडणारा पायलट पण तेच करतो, त्याच्याजवळ टीट टीट वाजणारं एक यंत्र असते, वर जाऊन राहिलं की ते भरभर वाजते. म्हणून सकाळची उड्डाणं शांत पण छोटी, दुपारची लांब पण हेलकावे जास्त. मळमळणाऱ्याने सकाळचीच वेळ घ्या आणि पोट अगदी रिकामं पण ठेवू नका.

पहिल्या दिवशी आम्ही उडलोच नाही. ढग खाली आले होते आणि वारा पाठीमागून होता. उडायला वारा समोरून लागते, पाठीमागच्या वाऱ्यात पंख नीट भरत नाही आणि धावा पण जास्त लागते. ज्याच्याकडं पैसे भरले होते तो एजंट म्हणत होता की तासाभरात होऊन जाईल, चला वर, पण वर गेल्यावर पायलटनेच हात हलवला आणि म्हणाला आज नाही. मला त्या पायलटचं फार बरं वाटलं. त्याला माणशी पैसे मिळतात, उडवलं नाही तर त्याचाच दिवस बुडते, आणि तरी तो नाही म्हणाला. म्हणून पोखऱ्यात कमीत कमी तीन दिवस ठेवा आणि परतीचं तिकीट असं काढा की एक दिवस वाया गेला तरी घाई होणार नाही. एकच दिवस हातात असला की माणूस नको त्या वाऱ्यात पण उडून पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. समोर माछापुछ्रे, माशाच्या शेपटीसारखा डोंगर, ६,९९३ मीटर, आणि त्याच्या बाजूला अन्नपूर्णेची रांग. गवताच्या उतारावर पंख पसरून ठेवलेले. खळ्यावर सोयाबीन वाळवताना ताडपत्री अंथरतो आणि मधेच वारा खालून शिरून ती फट्टकन वर उचलते, चार कोपरे चौघांनी धरून ठेवा लागते, अगदी तसंच ते कापड उचललं जाते. पुढच्या कडेला खण असतात, त्यात हवा भरली की पंखाचा आकार येतो. पहिले मास्तर गेला. मग कृषी केंद्रवाला. मग बोलेरोवाल्याचा नंबर होता.

त्याला हार्नेस म्हणजे पट्ट्यांची सीट चढवली, हेल्मेट घातलं, पायाचे पट्टे लावले. तो उताराकडं पाहत होता. मग त्याने पायलटला अगदी हळू सांगितलं, "भैया, मुझे नहीं जाना." पायलट लगेच थांबला. मी मागं उभा होतो. आणि मी काय म्हणालो, "काहून बे, इतक्या दूर आलो, पैसे भरले, आता काऊन मांग सरतं?" माझ्या मागं रांगेत असलेल्या दोन पोरांनी पण टाळ्या वाजवायला सुरुवात केली, हिंमत द्यायला म्हणून. त्याने माझ्याकडं पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, हात पट्ट्यावर इतके घट्ट की बोटांची नखं पण पांढरी झाली होती. मी गप झालो. पायलटने एकेक पट्टा सोडला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, कोई बात नहीं दाई (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ), चाय पियो, जीपसे नीचे आ जाओ. एका अनोळखी माणसाला जे कळलं ते मला तीस वर्षांच्या दोस्तीत कळलं नाही.

नंतर त्या पायलटने मला जे सांगितलं ते तुमच्या मित्रासाठी लिहितो. दोघांच्या उड्डाणात पुढच्या माणसाचं काम एवढंच की सांगितल्यावर धावायचं आणि पायाखालून जमीन जाईपर्यंत धावतच राहायचं. ज्याला मनातून जायचं नाही तो मधेच थांबतो किंवा खाली बसतो, आणि मग पंख अर्धा भरलेला, उतार समोर, दोघंही आपटतात. म्हणजे जबरदस्तीने तयार केलेला माणूस स्वतःला पण धोका आणि पायलटला पण.

मी उडलो. धावलो आठ-दहा पावलं आणि मग पाय हवेतच चालून राहिले होते. आवाज कमी होतो एकदम, फक्त दोऱ्यांतून वारा वाजते. खाली तळं, होड्या एवढ्याशा, भाताची कापलेली खाचरं पायऱ्यांसारखी. पाच-सात मिनिटांनी यंत्र वाजायला लागलं, पायलटने एका बाजूला झुकवलं आणि आम्ही गोल फिरत वर चढलो, आणि त्याच हवेत आमच्या बरोबरीने एक गिधाड फिरत होतं. पन्नास फुटांवर असेल. त्याने मान वळवून पाहिलं, पंखाच्या टोकाची पिसं बोटांसारखी वेगवेगळी उघडलेली, एकेक पीस वाऱ्याने हलताना दिसत होतं. मी माझ्या गावात गिधाड कधीच पाहिलं नाही. बाबा सांगतात त्यांच्या लहानपणी ढोर मेलं की गावाबाहेर गिधाडांचा थवा उतरायचा, दोन तासात साफ. मग ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायला लागले, तसं ढोर खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंडच निकामी होतात, आणि काही वर्षांत सगळे गेले. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध भारतात बंद झालं, नेपाळात पण त्याच वर्षी. नेपाळात काही गावांनी गिधाडांसाठी बिनऔषधाची मेलेली जनावरं ठेवायच्या जागा केल्या आहेत, जटायू रेस्टॉरंट म्हणतात त्यांना. आपल्याकडं पेंच आणि ताडोब्यात २०२४ ला हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड केंद्रातून गिधाडं आणली. कृषी केंद्रवाल्या मित्राला हे सगळं माहीत होतं, खाली आल्यावर तो बराच वेळ त्या गिधाडाबद्दलच विचारत होता, त्याला दिसलं नव्हतं.

खाली उतरताना पायलट सांगतो तेव्हा पाय वर उचलायचे, बुडावर घसरत उतरलं तरी चालते. उतरलो तर बोलेरोवाला जीपने आधीच येऊन उभा होता, मोबाईलवर आमच्या तिघांचं उतरणं काढून राहिला होता. मला म्हणाला, "तुह्या पंखाचा रंग दुरून ओयखू आला मले." मी तिथंच त्याची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ दे, पण पुढच्या वेळी रस्त्यातच विचारत जा. त्याच्या उड्डाणाचे पैसे एजंटने परत दिले नाहीत, आठ हजार नेपाळी म्हणजे आपले पाच हजार, फोटो-व्हिडिओ सकट. आम्ही तिघांनी ते वाटून घेतले. तुम्ही पैसे भरायच्या आधीच दोन गोष्टी विचारा, हवामानामुळे उडलो नाही तर काय आणि माणसाने स्वतः नाही म्हटलं तर काय, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

त्या संध्याकाळी हॉटेलवाल्याने एक गोष्ट सांगितली. माछापुछ्रे पवित्र मानतात म्हणून त्यावर चढायला बंदी आहे, १९५७ मध्ये एक इंग्रज तुकडी गेली होती पण त्यांनी शिखरावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिला होता आणि शेवटचा पन्नासेक मीटरचा चढ सोडून ते खरंच परत फिरले. बोलेरोवाल्याने ते दोनदा विचारून घेतलं, खरंच परत फिरले का म्हणून.

परतताना भैरहव्यावरून लुंबिनीला गेलो, पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. खरं तर आमच्या बोलेरोवाल्या मित्राला लुंबिनीसाठीच यायचं होतं, त्याचे आजोबा १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षेला गेले होते, आणि त्याने हे आम्हाला भिशी सुरू करतानाच सांगितलं होतं, पण आम्ही पॅराग्लायडिंग-पॅराग्लायडिंग करत राहिलो. मायादेवी मंदिराच्या बाजूला अशोकाचा स्तंभ आहे. त्यावर कोरलं आहे की इथं शाक्यमुनी बुद्ध जन्मले, आणि म्हणून या गावाचा कर कमी करून पिकाचा आठवा हिस्साच घ्यायचा. मास्तरने ते वाचून दाखवलं. बोलेरोवाला स्तंभाजवळ अर्धा तास बसून होता, आम्ही कोणी त्याला चल म्हटलं नाही. आजीसाठी तिथल्या पिंपळाचं गळलेलं पान त्याने पाकिटात ठेवलं, आता ते त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली आहे.

तर तुमच्या चौघांत पण कोणाला काय पाहिजे ते पहिले विचारा. कोणाला उडायचं असेल, कोणाला फक्त बर्फाचा डोंगर पाहायचा असेल.

सुरक्षेचं राहिलंच. पायलटचा नेपाळच्या नागरी विमान प्राधिकरणाचा परवाना पाहायला मागा, चांगला माणूस रागावत नाही. राखीव पॅराशूट आहे का विचारा. पायाचे पट्टे आणि दोन्ही बाजूचे हुक स्वतः ओढून पाहा, पायाचे पट्टे लावायचे विसरणं ही सगळ्यात वाईट चूक आहे, पंख उचलल्यावर माणूस खालून सरकतो. वजन शंभर किलोच्या आसपास असेल तर आधीच सांगा. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाल तर साहसी खेळ त्यात धरले आहेत का ते वाचा, साध्या पॉलिसीत बहुतेक नसतात. बाईक-कारच्या विम्यासारखं न वाचता सही करू नका, वाचायला जमत नसेल तर गावातल्या मास्तरला दाखवा. आणि अगदीच नवीन वाटत असेल तर पहिले आपल्याच देशात पुण्याजवळ कामशेतला किंवा हिमाचलात बीड-बिलिंगला एकदा उडून पाहा, तिथं तुमच्या मित्राला उतारावर उभं राहून कसं वाटते ते पण कळेल.

गोरखपूरच्या गाडीचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडते. दिवाळी-छठच्या आसपासची तारीख धरू नका, त्या दिवसात उत्तरेकडं जाणाऱ्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख धरा आणि तिचं बुकिंग उघडते त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन चौघंही एका ठिकाणी बसा, तिकिटं एकाच पीएनआरवर काढा.